जन्मतारीख, अक्षरी

ती वर बसली नाही. दोनदा सांगितलं तरी सोफ्याला पाठ टेकून फरशीवरच बसली आणि मांडीवरच्या कॅरीबॅगेतून एकेक कागद काढून पुढ्यात मांडत गेली. रेशनकार्ड, लाइटबिल, स्वतःचं आधार, मुलाचं आधार, कसल्याशा बचतगटाचं पासबुक. बाहेर जूनचा पहिला नीट पाऊस लागला होता. तिच्या पदराचं पाणी फरशीवर उतरत होतं आणि कागद भिजू नयेत म्हणून ती तळहाताने ते पाणी बाजूला सारत होती. "दाखला तेवढा न्हाई बाई," ती म्हणाली. "शाळेत गेले तर म्हनले अर्ज करा. पोलिसबी नक्कल घेऊन गेलेत. वकील म्हनतो, समदं त्या तारखेवर हाय. तुम्हीच नाव घातलं होतं न्हवं का त्याचं, म्हनून आले."

हो, मीच घातलं होतं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. कायदाही लिहू देत नाही, आणि देत असता तरी माझा हात धजला नसता. मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या भागात कॅनॉलच्या रस्त्यावर, रात्री अकराच्या सुमारास, चौघांनी मिळून एका एकोणीस वर्षांच्या पोराला कोयत्याने मारलं. कारण काय, तर चार दिवसांपूर्वी त्याने रागाने बघितलं होतं. पुण्यात राहणाऱ्यांना हे वाक्य आता इतकं पाठ झालंय की पेपरात ते वाचताना चहाचा कप खाली ठेवावासा वाटत नाही. बातमीत खाली लिहिलं होतं, तीन आरोपींना अटक, एक विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात. मी मराठीच शिकवत आले आयुष्यभर, त्यामुळे असा शब्द दिसला की आधी त्याची फोड करते. विधिसंघर्षग्रस्त. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या रांगेतला. म्हणजे ज्याच्यावर काहीतरी येऊन कोसळलं आहे असा. ज्याच्या हातात कोयता होता त्याला हा शब्द, आणि ज्याच्या मानेवर तो बसला त्याला 'मयत'. हा शब्द कुणीतरी फार विचार करून घडवला असणार, करुणेनेच घडवला असणार, हे मला कळतं. पण त्या सकाळी तो वाचून मी चिडले होते. तोवर ते बालक कोण हे मला माहीत नव्हतं.

ज्यांनी महाराष्ट्रात शाळेत नोकरी केली आहे त्यांना १ जूनबद्दल काही सांगायला नको. अर्ध्या राज्याचा वाढदिवस त्या दिवशी असतो. दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या नारळ-शालींचा जो पाऊस पडतो तो त्यामुळेच. माझे वडीलही १ जूनचे. आजी म्हणायची, तो झाला तेव्हा अंगणातल्या तुळशीचं लग्न झालं होतं. पण मास्तरांना तुळशीच्या लग्नाचं काय करायचं होतं? त्यांना जूनमध्ये पोरगं सहा वर्षांचं भरायला हवं होतं. पूर्वीचे मास्तर करायचे ते मी करणार नाही, असं मी नोकरीच्या पहिल्या वर्षी ठरवलं होतं. आणि मग जूनचा पहिला आठवडा, दारात पन्नास बाया, कुणाकडे जन्माचा दाखला नाही, कागद नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही असा शिक्षणहक्क कायदा, आणि टेबलावर जनरल रजिस्टर उघडं. पालकाचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं असतं. घेतलं. त्यावर तारीख मी सांगितली, अंगठ्याच्या जागी तिने सही केली, तेवढं तिला येत होतं. रजिस्टरात जन्मतारखेचे दोन रकाने असतात, एक अंकी आणि एक अक्षरी. अक्षरी लिहायचं ते पुढे कुणी खाडाखोड करू नये म्हणून. माझ्या वळणदार अक्षरात तिथे आजही आहे: एक जून दोन हजार नऊ.

त्या हिशेबाने घटनेच्या रात्री तो पंधरा वर्षांचा होता. सोळा पूर्ण व्हायला एक आठवडाही राहिला नव्हता.

हा आठवडा म्हणजे काय हे मला त्या दिवशी तिच्या वकिलाने फोनवर समजावलं. तरुण होता, घाईत होता. सोळाच्या आतला असेल तर त्याने काहीही केलेलं असो, बाल न्याय मंडळाच्या पलीकडे प्रकरण जातच नाही. जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. सोळा पूर्ण असतील आणि गुन्हा खुनासारखा असेल, तर मंडळाने तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करायचं. हे करण्याची शारीरिक-मानसिक कुवत त्याच्यात होती का, परिणाम त्याला समजत होते का, कशा परिस्थितीत केलं. आणि वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडे, प्रौढासारखा खटला. एकविसापर्यंत सुरक्षित ठिकाणी ठेवतील, मग सुधारला नाही असं वाटलं तर तुरुंग. फाशी नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. पण बाकी सगळं मोठ्या माणसासारखं. "मॅडम, दाखला आपल्या बाजूने आहे," तो म्हणाला. "वयाच्या पुराव्यात शाळेचा दाखला पहिल्या नंबरला. तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, आणि तिच्यात दोन वर्षं इकडेतिकडे होतात." त्याने आणखी एक सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. मंडळ एकदा जे वय नोंदवील, ते कायद्याच्या दृष्टीने त्याचं खरं वय. म्हणजे मी जूनच्या गर्दीत पंख्याखाली बसून लिहिलेली तारीख आधी दाखल्यावर गेली, दाखल्यावरून आधारवर गेली, आणि आता मंडळाच्या शिक्क्याने ती खरी होणार होती.

आपला कायदाही काही एका जागी स्थिर उभा राहिलेला नाही. १९८६च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बाल होती. २०००च्या कायद्याने दोघांना अठरावर आणलं. मग डिसेंबर २०१२मधली दिल्लीची ती बस. सहा जणांतला एक अठराला काही महिने कमी होता, आणि त्याला मिळाली तीन वर्षं. त्या हिवाळ्यात आम्ही शिक्षिका मेणबत्त्या घेऊन गुडलक चौकात उभ्या होतो. माझ्या हातावर मेण सांडलं होतं आणि मी शेजारणीला ठासून सांगत होते, सतरा काय आणि अठरा काय, ज्याला हे करायचं कळतं त्याला शिक्षाही कळायला हवी. न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि वय कमी करा असं म्हणायला नकार दिला, तेव्हा मला त्या समितीचाच राग आला होता. तो मुलगा २० डिसेंबर २०१५ला सुटला आणि दोन दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. दोन दिवसांनी. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून शेंगा सोलत होते आणि मला खरंच बरं वाटलं होतं. आणि त्याच वर्षाच्या जूनमध्ये मी ती तारीख लिहिली होती.

पुढे कल्याणीनगरचं प्रकरण. १९ मे २०२४ची मध्यरात्र, भरधाव पोर्शे, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनियर गेले, गाडी चालवणारा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. त्याच दिवशी जामीन, आणि अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. निबंध या प्रकाराचं इतकं हसं माझ्या हयातीत कधी झालं नव्हतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाजी घेऊन येणारा मुलगा मला म्हणाला, "बाई, मलापण शिकवून ठेवा निबंध, लागला तर." पुढे पोलिसांनी त्याला प्रौढ समजून खटला चालवा म्हणून अर्ज केला. त्यात अडचण अशी की प्रौढासारखा खटला चालवायला गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असावी लागते आणि सदोष मनुष्यवधाच्या तेव्हाच्या कलमात किमान शिक्षाच लिहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये हा मुद्दा स्पष्ट केलेला आहे. जुलै २०२५मध्ये मंडळाने तो अर्ज फेटाळला. कायदा वाचला तर ते मला पटतं. पण वस्तीत लोक कायदा वाचत नाहीत. ते गाडी बघतात.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते वगळून पुढे गेले तर हे सगळं खोटं होईल. सोळा-सतरा वर्षांपूर्वी माझा स्वतःचा मुलगा बारावीत असताना ह्यांची स्कूटर घेऊन न सांगता बाहेर पडला. लायसन नाही, अठराला पाच महिने कमी. सहकारनगरच्या उतारावर त्याने एका पेरूच्या हातगाडीला धडक दिली. गाडीवाला गाडीखाली सापडला, त्याचा पाय मोडला. मी पोचले तेव्हा पेरू उतारावरून अजून घरंगळत होते आणि दोन लहान पोरं ते गोळा करून फ्रॉकच्या ओच्यात भरत होती. माझा मुलगा कडेला बसला होता, कोपर खरचटलेलं. मला बघून म्हणाला, "मला कळलंच नाही गं आई." आणि आम्ही विश्वास ठेवला. ह्यांनी त्या माणसाच्या प्लास्टरचा खर्च आणि वर बारा हजार रुपये दिले, त्याने अंगठा देऊन कागद करून दिला, प्रकरण तिथेच मिटलं. पोलिसांत गेलं नाही. घरी आल्यावर मी मुलाला हळद घालून दूध दिलं. आज तो बंगळूरला आहे, चांगला आहे, सिग्नल मोडत नाही. पेरूवाल्याचं नाव आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही. धडक आणि खून एक नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. मला टोचतं ते दुसरंच. 'मला कळलंच नाही' हे वाक्य कुणी म्हटलं की ते खरं वाटतं, हे.

म्हणूनच ते 'प्राथमिक मूल्यांकन' मला नीट पचत नाही. एक दंडाधिकारी, दोन समाजसेवक, समोर सोळा वर्षांचं पोर. मंडळावर मुलांच्या मानसशास्त्राचं जाणकार कुणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी, असं २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. प्रकरण गुरुग्रामच्या एका शाळेतल्या सात वर्षांच्या मुलाच्या खुनाचं होतं, ज्यात आधी बसच्या कंडक्टरला पकडलं होतं आणि नंतर त्याच शाळेतला अकरावीचा विद्यार्थी निघाला. त्या निकालातली एक गोष्ट मला फार खोल वाटली. परिणाम समजणं म्हणजे मारलं की माणूस मरतो एवढंच समजणं नव्हे. मेलेल्याच्या घरावर काय होईल, मारणाऱ्याच्या स्वतःच्या घरावर काय होईल, पुढे किती वर्षं होईल, तेही त्यात आलं. वाचून मी चष्मा काढून बसले. एवढं समजणारी किती माणसं मी पन्नाशीनंतरही पाहिली आहेत? आणि ते समजतं की नाही हे जो बोलून दाखवतो त्याचंच दिसणार ना? चांगल्या शाळेतला मुलगा तज्ज्ञापुढे नीट रडेल, नीट शब्द वापरेल. आमच्या वस्तीतलं पोर खाली बघेल, "माहीत न्हाई" म्हणेल, आणि कागदावर 'पश्चात्ताप दिसून आला नाही' असं उमटेल. की याच्या उलट? चांगल्या शाळेतल्याला सगळं समजत होतं म्हणून तो मोठा, आणि ह्याला काहीच समजलं नाही म्हणून हा लहान? मला दोन्ही शक्य वाटतात. त्यापेक्षा अठराची आंधळी रेघ बरी होती, असं आज माझं मत आहे. मेणबत्तीवाली मी हे वाचून मला घराबाहेर काढेल.

आम्हालाही एक मूल्यांकन यायचं. कागद नसला की जुने मास्तर पोराला पुढे उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला तर पोरगं शाळेत बसायला झालं. नाही लागला तर पुढच्या वर्षी. माझ्या काळात हे कुणी अधिकृतपणे करत नव्हतं, पण गंमत म्हणून मी करायचे. पोरं हसायची, आया हसायच्या, रडणारं पोर गप्प व्हायचं.

मयताच्या घरी मी गेले ते चौदाव्यानंतर. चौकात त्याचा फ्लेक्स होता, गॉगल लावलेला, मागे ढग, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली पंधरा-वीस भाऊंचे फोटो. तोही आमच्याच शाळेचा, पण माझ्या वर्गात नव्हता. शेजारच्या तुकडीत होता, मधल्या सुट्टीत नळाला तोंड लावून पाणी प्यायचा म्हणून मी त्याला एकदा रागावले होते एवढंच आठवतं. त्याची जन्मतारीख १ जून नव्हती. १७ ऑगस्ट होती, सरकारी दवाखान्यात झालेला, कागद पक्का. त्याच्या आईने चहा केला. साखर जास्त होती. ती काही बोलेल, शिव्या देईल, त्या पोरांना भर चौकात टांगा म्हणेल, अशी माझी तयारी होती. मी मान हलवणार होते, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत बसून मला तसंच वाटतही होतं. मोरीपाशी त्याचे बूट होते, डिलिव्हरीचं काम करायचा त्यामुळे टाचा एका बाजूने झिजलेले. ती म्हणाली, "बाई, मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं नाव चुकलंय. शाळेच्या दाखल्यावर बरोबर हाय. त्याची नक्कल मिळंल का? बँकवाले मागत्यात."

एकाच आठवड्यात दोन आयांना माझ्याकडून एकच कागद हवा होता.

रस्त्याने येताना मला कोयत्याचं सुचलं. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. किती कोयते आणलेस, असं विचारतात तेव्हा कुणाला हत्यार आठवत नाही, दोन माणसं आठवतात. मी नाव घातलेला मुलगा अशाच एका कोयत्याचा. पण हे लिहिताना माझाच मला संशय येतो. जुळणी फार सोपी आहे आणि लेखाला शोभते. उसाच्या फडात जन्मलेली हजारो पोरं कुणाला मारत नाहीत. हा सहावीत होता तेव्हा करोनात शाळा बंद होत्या, घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर साइटवर, मग सातवीत नाव पटावर आणि पोर चौकात. मग एखादा भाई, एक रील, केकवर ठेवलेला कोयता. एवढं खरं. याला मी कारण म्हणत नाही.

तर ती फरशीवर बसली होती. कागद परत पिशवीत भरताना ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला आठवतं का बाई, मी तवा काय सांगितलं होतं ते?" मी म्हटलं, दहा वर्षं झाली गं. ती म्हणाली, "न्हाई आठवत तर बरंच हाय." आणि उठली. दारात चपला घालताना तिने पाणी सांडलेली फरशी पदराने पुसली. मी नको नको म्हणत राहिले.

मला आठवत होतं. तिने सांगितलं होतं, दिवाळी कारखान्यावर झाली, त्याच्या पंधरा दिसांनी हे झालं, कोपीत. २००८ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती, मी नंतर जुनं कॅलेंडर बघितलं. म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. म्हणजे कॅनॉलच्या रस्त्यावर त्या रात्री तो सोळा वर्षं सहा महिन्यांचा होता.

काल शाळेतून मुख्याध्यापिकेचा फोन आला. मयताच्या घरच्यांनी वयावर हरकत घेतली आहे. नोंद कुणी केली, कशाच्या आधारे केली, हे विचारणारं पत्र मंडळाकडून आलंय. "तुम्हाला यावं लागेल बाई, बुधवारी. रजिस्टर मी काढून ठेवते." मी बरं म्हटलं. रात्री झोप लागेना म्हणून उठून गॅलरीत बसले. समोरच्या रस्त्यावर पोरं बाइक बंद करून फोनच्या उजेडात कुणाचा तरी वाढदिवस करत होती, बाराला.

पंख्याची घरघर, ओल्या छत्र्यांचा वास, टेबलाच्या कडेला नाक लावून उभं असलेलं पोर. तेल चोपडून बसवलेले केस, समोरचे दोन दात नाहीत. आई सांगत होती दिवाळीचं, आणि मी ऐकत ऐकत रकाना भरत होते, मागच्या बाया पुढे रेटत होत्या. ते रडायला लागलं म्हणून मी पेन ठेवलं आणि म्हटलं, हात डोक्यावरून घे बघू, कान धर. त्याने हात घेतला. बोटं कानाच्या टोकाला लागायला हवी होती. त्याने अख्खा कान मुठीत धरला, ओढला, आणि हसला.

मग मी पेन उचललं.